मशेरी लावता का?

माझी उभी हयात कर्करोगात गेली असं सांगितलं की समोरचा माणूस आवाज खाली आणतो आणि विचारतो, "आता बरे आहात ना?" मग मला सांगावं लागतं की बाबा रे, रोग मला नव्हता, मी तो मोजत होतो. यावर त्याचा चेहरा आणखीच पडतो. रोग्याची कीव तरी करता येते. रोग मोजणाऱ्याचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. आमच्या घरीही शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. बाबा गावभर सांगत, "पोरगा मुंबईत डॉक्टर आहे." मी म्हणे, "डॉक्टर नाही बाबा, संख्याशास्त्री." ते म्हणत, "तेच थे." मग एखादा म्हातारा आपला गुडघा घेऊन ओसरीवर येऊन बसे. गुडघ्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की त्या वयात बहुतेकांचा दुखतो. मी तेच सांगे, आणि म्हातारा समाधानानं घरी जाई. नुसत्या आकड्यांनी बरे केलेले माझे रोगी म्हणाल तर तेवढेच.

या धंद्यात मी शिरलो तो आईमुळे. मी गोंदियाला बोर्डिंगात राहून शिकत होतो तेव्हा तिच्या गालाला आतून फोड आला. तो बरा झालाच नाही, आणि भाताची पेज गिळता गिळता ती वर्षाच्या आत गेली. आई पान खात नव्हती की बिडी ओढत नव्हती. तंबाखू मळत ते बाबा, आणि त्यावरून आई त्यांना रोज बोल लावी. मग फोड तिलाच का यावा? गाव म्हणालं, नशीब. मला राग आला. नशीब काय, ते कोणालाही लावता येतं. नागपूरला गणितात एम. एस्सी. झालो, मुंबईच्या एका संशोधन कचेरीत कर्करोगाच्या आकड्यांसाठी माणूस हवा होता, तिथं जाऊन चिकटलो. नोकरी कच्ची होती.

स्वातंत्र्याला नऊ-दहा वर्षं झाली होती. राज्यांची नवी वाटणी झाली आणि मध्यप्रदेशातला आमचा भंडारा जिल्हा (गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होतं) मुंबई राज्यात आला. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, एवढंच विचारलं, "मुंबई इकडे आली का आपण तिकडे गेलो?" आमच्या कचेरीतल्या सरांना मात्र नवा मुलूख मिळाल्याचा आनंद झाला. सर पुण्याचे, अगदी सज्जन, आणि इतके संशयी की चहात साखर घातली आहे हे पाहूनसुद्धा चमचाभर चाखून मगच कप उचलत. त्यांनी एक फॉर्म छापला होता. तोंडाचा कर्करोग झालेला एक माणूस घ्यायचा, त्याच गावचा, त्याच वयाचा एक निरोगी जोडीदार घ्यायचा, आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे. तंबाखू खाता का? विडी ओढता का? मशेरी लावता का? मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू. कोकणातल्या, देशावरच्या बाया ती दातांना लावतात. हे मला मुंबईत गेल्यावर कळलं होतं.

सर म्हणाले, "तुम्ही तिकडचेच. तुम्हाला भाषेची अडचण नाही."

मी मान डोलावली. खरं म्हणजे नागपूर-मुंबईच्या आठ वर्षांत मी माझी भाषा धुऊनपुसून अशी लख्ख केली होती की गावी गेलो की लोक माझ्याशी हिंदीत बोलत.

फॉर्मांचे गठ्ठे, एक टॉर्च आणि जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या घेऊन मी धानाची मळणी उरकल्यावर घरी आलो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर त्याची नोंद करायची, एवढं सरांनी शिकवलं होतं. पण बायांना विचारायचं कोणी? परका पुरुष दारात उभा राहतो, हातात कागद, आणि म्हणतो तोंड उघडा! सोबत बाई हवीच होती. घरात एकच बाई होती, ती म्हणजे वहिनी.

बाबा तडकले. "घरची सून गावोगाव फिरन का?"

वहिनी पदराआडून म्हणाल्या, "भाऊजी एकटे जातीन तं बाया झाडू घेऊन धावतीन. मंग तुमीच जा सोडवाले."

बाबांनी परवानगी दिली.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काहो भाऊजी, कोन्त्या वर्गात तुमी?" पुढं माझे वर्ग वाढत गेले, एम. एस्सी. झालो, पण त्यांचा विचारायचा सूर तोच राहिला. चौथी शिकलेल्या, तोंडानं फटकळ, आणि माणसाकडं एकदा पाहिलं की त्याच्या घरात आज काय शिजलं ते सांगणार. आईच्या आजारपणात तिला चमच्यानं पेज भरवली ती त्यांनीच. त्यानंतर मला घर होतं ते त्यांच्यामुळे, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, ताप आला का?

आणि आता माझ्या अकलेचं ऐका. त्या वर्षी वहिनी स्वतःचं वरण तिखट टाकायच्या आधीच वाटीत काढून ठेवत होत्या. आमच्या घरात, जिथं मिरचीचा ठेचा भाजीसारखा खातात, तिथं! मी विचारलं तर म्हणाल्या, "पित्त झालं." मी म्हणालो, बरं. सराव म्हणून पहिला फॉर्म मी त्यांचाच भरला. तंबाखू? "नाही." मशेरी? "नाही." तोंडात जळजळ? "नाही म्हनलं न जी, का कोर्टात उभी केली मले?" टॉर्च माझ्या हातात होता, पण वहिनीला तोंड उघडा म्हणायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जिल्हाभरच्या बायांची तोंडं उघडून पाहायला निघालो. ज्या तोंडाला खरा धोका होता, ते माझ्या शेजारी गाडीत बसून माझी चेष्टा करत होतं.

दादानं रेंगी जुंपली होती. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. चिखलातून सुटते, पण पाठीचे मणके मोजून देते. दादा पुढं बसे आणि दिवसभरात चार वाक्यं बोले, त्यातली तीन बैलांशी.

पहिली अडचण वयाची. फॉर्मवर चौकट होती, वय वर्षं किती. एक म्हातारी म्हणाली, "लिही तुह्या मनानं." दुसरी एक बाई म्हणाली, "मानमोडीच्या साली मी रांगत होती." मानमोडी म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची ती तापाची साथ; त्यावरून हिशेब लागला. उरलेल्यांचा हिशेब वहिनी लावत. कोणाच्या थोरल्या पोरीचं लग्न कधी झालं, तेव्हा बाईचे केस किती पांढरे होते, असं करत त्या वय काढत, आणि ते जवळजवळ बरोबर निघे. मुंबईत यासाठी आमच्याकडं छापील कोष्टकं होती.

मग सवयींचे प्रश्न. प्रश्न मी वाचायचा, वहिनींनी तो आमच्या बोलीत टाकायचा.

"तंबाखू खाता का वो बाई?"

"नाही जी."

"बिडी?"

"बिड्या आमी वळतो, ओढते बुढा."

"मसेरी लावता का?"

यावर बाया हसत. "कोठची जी मसेरी आमाले! थे मोठ्या लोकायच्या घरी."

मी लिही, नाही. चिचगडकडं जंगलातल्या एका गावी एका गोंड आजीनं आधी टॉर्च घेऊन माझंच तोंड पाहिलं आणि मग आपलं दाखवलं. वहिनींना गोंडी येत नव्हती, आजीला आमची बोली थोडकी. तरी पाच मिनिटांत दोघी पोट धरून हसू लागल्या, आणि हसण्याचा विषय कोण याबद्दल मला शंका नव्हती. आजीचंही उत्तर तेच होतं, मशेरी नाही.

"हो, लावतो ना," असं म्हणणारीही काही घरं भेटली. एक जुने मालगुजार, म्हणजे आमच्याकडचे जमीनदार, एक धानगिरणीचे मालक, गोंदियाला रेल्वेतले एक बाबू. मी इमानदारीनं लिहिलं, होय.

तीनेक महिन्यांनी मी ओसरीवर कार्डं मांडून बसलो. प्रत्येक फॉर्मचं एक कार्ड. रोग्यांचा एक ढीग, निरोग्यांचा एक. मग त्यातून सवयीप्रमाणे पोटढीग. तेव्हा आम्हाला यंत्रबिंत्र नव्हतं, हातानंच पिसायचं. दादा येऊन उभा राहिला, म्हणाला, "पत्ते खेळाले चौघं लागतेत," आणि निघून गेला. आणि मी पाहतो तो काय, मशेरीवाल्यांचं एकही कार्ड रोग्यांच्या ढिगात नाही! सगळी निरोग्यांत. मी पुन्हा पिसली. तेच. तंबाखू न खाणाऱ्या, बिडी न ओढणाऱ्या, मशेरी न लावणाऱ्या गरीब बायांना फोड होत होते, आणि रोज मशेरी लावणाऱ्या ठणठणीत होत्या.

मी सरांना तक्ता पाठवला. सरांनी, ज्यांचा साखरेवर विश्वास नव्हता त्या माझ्या सरांनी, या तक्त्यावर विश्वास ठेवला. त्यांचं उत्तर मी घरात सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचलं. मशेरीत काही संरक्षक द्रव्य असावं. हे फार मोलाचं आहे. कधीपासून लावतात, दिवसातून किती वेळा, किती वेळ ठेवतात, ही माहिती तातडीनं आणावी. निबंधावर तुमचंही नाव घालू.

बाबांनी विचारलं, "म्हणजे पक्की झाली का नोकरी?"

"होईल बाबा."

वहिनी म्हणाल्या, "पन मसेरीनं तोंडाचा रोग कसा जी रोकते?"

"तेच तर शोधायचं आहे," मी म्हणालो. अहो, केवढ्या रुबाबात म्हणालो मी ते! आजही आठवलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी रेंगी घेऊन आम्ही मालगुजारांच्या घरी गेलो. मालगुजारीणबाई साठीच्या, गोऱ्या, भारदस्त. पाट मांडले, चहा दिला. मी नवा कागद काढला.

"मशेरी कधीपासून लावता?"

"लगन होऊन आली तेव्हापासून. बापानं आंदनात देल्ली होती."

मी लिहिलं, माहेरची सवय.

"दिवसातून किती वेळा?"

"एकदाच. दिवस बुडला का लावतो, सकाळी काढतो."

रातभर! सरांना हे वाचून झोप येणार नव्हती. "मग सकाळी तोंड धुऊन काढता?"

"तोंड तं धुतोच जी. मसेरी झटकतो अन् घडी करून ठेवतो."

माझी पेन्सिल थांबली. "घडी?"

"मंग का चुरगळून ठेवावं? बारीक जाळी हाय, फाटते. मागच्या साली उंदरानं कुरतडली तं मीच शिवली. या, पाहा न."

त्यांनी आम्हाला आत नेलं. मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, पण पलंग राहिला होता, चार खांबांचा, आणि उशाशी पांढरीशुभ्र मच्छरदाणी घडी करून ठेवली होती. बाईंनी कौतुकानं तिचं एक टोक उलगडून माझ्या हातात दिलं. मी ते धरून उभा राहिलो. वहिनींनी कापड दोन बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगली हाय. नागपूरची का?"

परत निघाल्यावर रेंगीत बसून मी तो एकच शब्द जिभेवर घोळवत होतो. मच्छरदाणीला हिंदीत मसहरी म्हणतात, गोंदियात हिंदी घराघरांत शिरलेली, आणि आमच्या लोकांनी तिची मसेरी केलेली. दातांची मशेरीही लावतात, डासांची मसेरीही लावतात. मच्छरदाणी परवडते श्रीमंताला, आणि फोड येत होते गरिबांना; ती कर्करोगाला नाही रोखत, पण माझ्या ढिगांना काय कळणार!

"काऊन असे बसले भाऊजी, बिच्चू चावल्यासारखे?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, मी मच्छरदाणी विचारत नव्हतो हो."

"मंग कायले पुसून राहिले होते तीन महिने? मागच्या साली फवारेवाले आले, घराघरांत दवाई मारून गेले, थेही डासायचंच पुसत. मी समजली तुमचंही तेच खातं."

"मशेरी म्हणजे तंबाखू. भाजलेली. दातांना लावायची."

वहिनींच्या तोंडावरचं हसू तिथंच थांबलं. "दाताले? बोटानं घासाची?"

"हो."

"अजी, थे तं गुडाखू होय."

गुडाखू मला माहीत नव्हती असं नाही. काळी, चिकट, गुळाच्या पाकासारखी, छोट्या डबीत येते. पहाटे घरामागं बाया ती बोटावर घेऊन दात घासत आणि पुरुष माणूस आला की तोंड फिरवत. मी तिला दंतमंजन समजत होतो, राखुंडीसारखं. तंबाखू म्हणजे बाबांच्या तळहातावरची, चुना लावलेली. गूड आणि तंबाखू मिळून गुडाखू, नावातच तंबाखूची शेपटी लोंबते आहे, आणि गणिताच्या एम. एस्सी.ला ती दिसली नव्हती.

"मग बाया नाही कशाला म्हणाल्या?" मी जवळजवळ ओरडलो.

"तुमी पुसलं, खाता का. खात कोन हाय? घासतेत सारे."

"तुम्ही?"

वहिनींनी पदर ओढून घेतला.

"आणि आई?"

"सासूबाईनंच तं शिकवलं मले," त्या म्हणाल्या. "नवी होती मी. माहेरची सय येऊन डोस्कं दुखे. त्या म्हनल्या, घास थोडी, बरं वाटन."

वाटीत आधी काढून ठेवलेलं वरण तेव्हा कुठं मला दिसलं. मी पिशवीतून टॉर्च काढला आणि म्हणालो, "वहिनी, तोंड उघडा."

"चूप बसा! रस्त्यात?"

"मग घरी."

"घरी कायले? डॉक्टर हाये का तुमी? तुमीच तं बोंबलत राह्यता, डॉक्टर नोहो म्हनून." त्या चिडल्या होत्या, आणि घाबरल्या होत्या. ज्या बाईनं माझ्यासाठी गावोगावच्या बायांना हसतखेळत तोंडं उघडायला लावली होती, तिनं स्वतःचे ओठ असे आवळून घेतले की मी टॉर्च परत पिशवीत टाकला. दादा इतका वेळ पाठमोरा बसला होता. त्यानं मागं न पाहता आपलं चौथं वाक्य टाकलं. "उद्याच्या गाडीनं नागपूरले जाऊ."

नागपूरच्या डॉक्टरांनी पाहिलं. डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा होता, जिथं आईला फोड आला होता त्याच बाजूला. मी बाहेरच उभा होतो. वहिनींनी मला आत येऊ दिलं नाही. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला दिला आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. ते आठ दिवस काय सांगू! अशा चट्ट्यांचं पुढं काय होतं ते मला पुस्तकातून पाठ होतं, किती सुटतात, किती नाही. मुंबईत असतो तर फळ्यावर लिहून समजावलं असतं. घरी चुलीपाशी वहिनी भाकर थापत आणि मला त्यातला एकही आकडा आठवावासा वाटत नव्हता. दुसरीकडं वहिनींनी गुडाखू सोडली होती, त्यामुळं घरात कोणाची धडगत नव्हती. दादा शेतावर जास्त वेळ काढू लागला. बाबांनी मीठ कमी आहे म्हणायचं सोडून दिलं. मला त्या म्हणाल्या, "तुमच्या मुंबईच्या सरले आना इकडे, त्याच्या डोस्क्यात घासतो मी डबी." तंबाखू सुटलेल्या माणसाचा स्वभाव हा स्वतंत्र फॉर्मचा विषय आहे.

अहवाल आला. कर्करोग नव्हता. पण होऊ शकला असता. अजूनही होऊ शकेल. गुडाखू पुन्हा तोंडाला लावायची नाही आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. वहिनी सगळं ऐकून घेऊन डॉक्टरांना म्हणाल्या, "तीन-तीन महिन्यानं नागपूर? मंग तं बरंच झालं," आणि बाहेर येऊन स्टेशनच्या बाकावर बसून ढसाढसा रडल्या. दादा शेजारी बसून चणे खात राहिला, एकेक दाणा. तोही रडत होता.

सरांना मी सगळं खरं लिहिलं, पलंगासकट. उत्तराची धाकधूक होती. निबंध गेला, नोकरीही जाईल असं वाटलं. सरांचं एका ओळीचं कार्ड आलं. आधीचा तक्ता फाडा, नव्यानं विचारा, आणि त्या मच्छरदाणीची गोष्ट इथं कोणाला सांगू नका, मीच सांगणार आहे.

दुसऱ्या फेरीत प्रश्न वहिनींनी ठरवला. "खाता का, लावता का, असं पुसूच नका. पुसा, दात कायनं घासता?" आणि त्या आधी स्वतःचं सांगत. "मीबी घासत होती बाई. आता सोडली, चट्टा निघाला." मग आतून डब्या येत. कमरेतून, कोनाड्यातून, धानाच्या कोठीमागून. नवऱ्यांना माहीत नसलेल्या, सासवांना माहीत असलेल्या. जत्रेला निघालेल्या बायकांची गाडी आम्हाला वाटेत भेटली तर त्यांनी गाडीतूनच डब्या दाखवल्या. ज्या गोंड आजीनं माझं तोंड पाहिलं होतं तिनं डबी काढून मला चिमूटभर देऊ केली. फॉर्मवर मशेरीचा शब्द खोडून मी दोनदा ठळक लिहिलं, गुडाखू.

पुन्हा ओसरीवर कार्डं पिसली. या वेळी वहिनी समोर बसल्या होत्या. अक्षरं त्या सावकाश वाचत, पण ढीग वाचायला शाळा लागत नाही. गुडाखूवाल्यांचं एकेक कार्ड मी ठेवत गेलो, आणि रोग्यांच्या बाजूचा ढीग वाढत गेला, वाढत गेला, तो पडायला लागला तेव्हा वहिनींनीच हातानं सावरला. हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक पुसू?"

"पुसा."

"सासूबाईले फोड झाला तेव्हा भारी दुखे. गुडाखू लावली का घडीभर बधिर होये. त्यायचा हात थरथरे, तं मीच लावून देत होती. माह्या बोटानं. दिवसातून चारदा मागत, मी चारदा लावी." त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "मीच मारलं का जी त्यायले?"

"नाही वहिनी. फोड आधीच झाला होता. तुमच्या बोटानं काही झालं नाही."

"अन् आधीची? जलमभर घासली थे? त्याच्यानं गेल्या का?"

या एका प्रश्नासाठी मी घर सोडलं होतं. आणि माझ्या शास्त्राजवळ त्याचं उत्तर नव्हतं. आजही नाही. मी म्हणालो, "एका माणसाचं नाही सांगता येत, वहिनी. हजार बायांचं सांगता येतं. एकीचं नाही."

त्यांनी सावरलेल्या ढिगाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग एवढे कागद कायले भरले?"

मी कार्डं बाजूला ठेवली. माझ्या आईचं काही आता होण्यासारखं नव्हतं. "तुमच्यासाठी," मी म्हणालो. बोललो आणि मलाच लाज वाटली, नाटकातल्यासारखं वाटलं. पण वहिनी हसल्या नाहीत, ताप आला का असंही म्हणाल्या नाहीत. त्या पदरानं डोळे पुसून उजेडाकडं तोंड करून बसल्या, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी तोंड उघडलं, मोठ्ठं, लहान पोरासारखं.

मी टॉर्च लावला. डाव्या गालात चट्टा होता, पांढरा, नखाएवढा. आधीपेक्षा लहान झाला होता की मोठा, मला सांगता येईना. आधी मी तो पाहिलाच नव्हता.